आजारपण, बाळंतपण आणि घरचं दुखणं: रजा किती, पैसे कुणाकडून, कागद कुठं द्यायचा? (सातारा-सांगली)

वारणाकाठ
कुपवाड, मिरज, इस्लामपूर, तासवडे, शिरवळच्या एमआयडीसीत, विट्याच्या यंत्रमागांवर, साखर कारखान्यांत आणि सांगलीच्या हळदीच्या पेढ्यांवर रजेबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं ऐकीव असतं. "ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात म्हणजे रजा मिळणारच." "वर्षाला बारा सिक लीव्ह कायद्यानंच आहेत." "कंत्राटावरच्या बाईला बाळंतपणाची रजा नसते." ही तिन्ही वाक्यं चूक आहेत आणि तिन्हींपायी लोकांचे पैसे बुडतात, कधी नोकरीही जाते. इथं पगारपत्रक करणारे आहेत, लेबर कोर्टाचं काम बघणारे आहेत, दवाखान्यात कागद हाताळणारे आहेत. कृपया नेमकं लिहा: किती दिवस, किती पैसे, कुठला कागद, कुणाकडे, आणि गाडी कुठं अडते. स्वतःचे अनुभव दुसऱ्या धाग्यावर लिहू, इथं माहितीच ठेवू.

पगारपत्रक
सुरुवात ईएसआयपासून करतो, कारण एमआयडीसीतला बहुतेक कामगार त्यात येतो. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ईएसआय पैसे देतं, रजा देत नाही. रजा मालकाच्या ऑफिसातून मंजूर व्हावी लागते. दारं दोन आहेत आणि सर्टिफिकेट दोन्हीकडं गेलं पाहिजे. कामगार ईएसआयच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट घेतो, क्लेम टाकतो आणि निर्धास्त होतो. तिकडं कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) रोज 'गैरहजर' पडत असतं. दहा-पंधरा दिवसांनी घरी पत्र येतं तेव्हा घोळ कळतो.

आता आकडे. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये (दिव्यांग कामगाराला २५,०००). कामगाराचा हप्ता ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस.

पात्रता अशी बघतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमधल्या आजारपणाला पैसे. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चचे ७८ दिवस असतील तर १ जुलै ते ३१ डिसेंबरला. मधे तीन महिन्यांचं अंतर आहे, ते लोकांच्या लक्षात येत नाही. नवा लागलेला कामगार पहिले नऊ महिने आजारपणाचे रोख पैसे मागू शकत नाही. उपचार मात्र त्याला मिळतात.

हिशोब करून दाखवतो. पगार १८,००० आहे. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे १,०८,००० झाले. पगारी दिवस १८३ धरले तर रोज ५९० रुपये पडला. त्याचे ७० टक्के म्हणजे ४१३ रुपये. फेब्रुवारीत ३० दिवस आजारपण निघालं तर पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे जातात, उरलेल्या २८ दिवसांचे साडेअकरा हजारांच्या आसपास खात्यावर येतात. आधीचं आजारपण संपून १५ दिवस व्हायच्या आत पुन्हा पडला तर ते दोन दिवस परत कापत नाहीत.

मस्टरबुक_कुपवाड
पगारपत्रक साहेबांनी लिहिलेल्यात एक भर घालतो, कारण इथं कामगाराचं नुकसान ऑफिसच्या चांगुलपणानंसुद्धा होतं.

कामगार आजारी आहे, टाइम ऑफिसचा माणूस सहानुभूतीनं म्हणतो, "तुझ्या शिल्लक पीएल (साठलेल्या पगारी रजा) टाकून देतो, पगार कापला जायला नको." पगारी रजा लागली की त्या दिवसांचा ईएसआयचा हक्क गेला. ज्या दिवशी मालकाकडून पगारी रजा आहे त्या दिवशी आजारपणाचा भत्ता मिळत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. म्हणजे वर्षभर कमावलेल्या पीएल संपल्या आणि ईएसआयचे पैसेही हुकले. दोन-तीन दिवसांचा ताप असेल तर पीएल किंवा सीएल (किरकोळ रजा) टाका. आठवडाभराच्या वरचं दुखणं दिसत असेल तर पहिल्या दोन प्रतीक्षेच्या दिवसांना पगारी रजा मागा आणि तिसऱ्या दिवसापासून 'ईएसआय वैद्यकीय रजा, बिनपगारी' असं अर्जात शब्दशः लिहा. मग मस्टरवर गैरहजरी पडत नाही.

दुसरी गोष्ट गावाला जाण्याची. भत्ता चालू असताना उपचार चालू ठेवावा लागतो आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय, जिथं उपचार चालू आहे तो परिसर सोडून जाता येत नाही. कुपवाडचा कामगार जतला किंवा आटपाडीला घरी जाऊन पडतो, कारण खोलीवर करणारं कुणी नसतं. माणूस म्हणून ते बरोबरच आहे, पण जाण्याआधी डॉक्टरकडून तसं लिहून घ्या. आणि त्या काळात दुसरं कसलंही काम करू नका.

वारणाकाठ
मोठं दुखणं निघालं तर? टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू. ९१ दिवसांत कसं भागणार?

पगारपत्रक
त्यासाठी विस्तारित आजारपणाचा लाभ आहे. ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांना रोजाच्या ८० टक्के रक्कम, आधी १२४ दिवस आणि डॉक्टरी शिफारशीनं दोन वर्षांपर्यंत. तुम्ही लिहिलेले तिन्ही त्यात आहेत. अट अशी की दोन वर्षं सलग विमा असलेली नोकरी हवी आणि लागोपाठच्या चार हप्ता-काळांत (वर लिहिलेले सहा-सहा महिने) मिळून किमान १५६ दिवसांचे हप्ते हवेत.

हे 'सलग' फार महत्त्वाचं आहे. कंत्राटदार बदलतो तेव्हा नवा कंत्राटदार जुना विमा नंबर न विचारता नवा काढतो. काम तेच, गेट तेच, पण कागदावर माणूस नवा झाला आणि दोन वर्षांची मोजणी शून्यावर आली. आयुष्यभर नंबर एकच असतो. जॉइनिंगच्या दिवशी जुन्या कार्डाची झेरॉक्स द्या. पोर्टलवर आपल्या नावाचे हप्ते दिसतात, ते तीन महिन्यांतून एकदा बघा. कापलेत पण भरलेले नाहीत असं दिसलं तर आजारी पडायची वाट न बघता तक्रार करा. कंत्राटदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.

कामावर अपघात झाला तर हिशोबच वेगळा. तिथं ७८ दिवसांची अट नाही, रोजाच्या ९० टक्के मिळतात आणि तीन दिवस किंवा जास्त काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून. फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी कंपनीच्या अपघातवहीत झाली पाहिजे. बोट प्रेसमध्ये सापडलं, सुपरवायझरनं जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर 'घरी पडून मार' लिहिलं गेलं की तो कागद पुढं वर्षानुवर्षं छळतो. केसपेपर लिहिताना 'कामावर' हा शब्द आहे का, ते सोबतच्या माणसानं वाचून बघावं.

सिस्टर_मिरज
दवाखान्याच्या बाजूनं लिहिते. मिरज-सांगलीत लोक बहुतेक वेळा आधी खासगीतच ॲडमिट होतात, रात्री-अपरात्री तेच जवळ असतं. हरकत नाही, पण खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट ईएसआयकडं तपासणीनंतरच मानलं जातं. त्यासाठी नुसती 'विश्रांतीची गरज आहे' अशी चिठ्ठी पुरत नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की टेबलावरच पाच गोष्टी वाचा. नाव आधार आणि ईएसआय कार्डाप्रमाणं आहे का. (एकीकडं 'दत्तात्रय' आणि दुसरीकडं 'दत्ता' असलं तरी अडतं.) आजाराचं निदान शब्दांत लिहिलंय का. ॲडमिट आणि डिस्चार्ज दोन्ही तारखा आहेत का. किती दिवस कामावर जाऊ नये हे 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं आहे का. डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का. नंतर दुरुस्ती करायला गेलात तर खाडाखोड होते, आणि खाडाखोडीवर संशय घेतातच.

सर्टिफिकेटात खंड पडू देऊ नका. पहिलं १० तारखेपर्यंत आणि दुसरं १३ पासून असेल तर मधले ११ आणि १२ कुणाचेच नाहीत. ईएसआय पैसे देत नाही आणि कंपनी गैरहजर धरते. शेवटी 'कामावर रुजू होण्यास योग्य' हे फिटनेस सर्टिफिकेट घ्या, नाहीतर गेटवरून परत पाठवतात आणि तो दिवसही जातो.

कोर्टपायरी_सातारा
नोकरी टिकण्याबद्दल. ईएसआय कायद्यानं आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. तरी 'आपोआप नाव कमी झालं' असं सांगितलं जातं. आधार असतो स्थायी आदेशांचा (कारखान्याच्या नोकरीच्या छापील नियमांचा): रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर होऊन खुलासा दिला नाही तर कामावरचा हक्क जातो, आणि सलग दहा दिवसांवर विनारजा गैरहजेरी हे गैरवर्तन. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या निकालात स्पष्ट केलंय की असं आपोआप काढताना आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं.

तुम्हाला करायचं ते एवढंच: अर्ज पाठवल्याचा पुरावा ठेवा. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का किंवा तारखेसह सही घ्या. टाइम ऑफिसनं नाकारलं तर त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्ट, पावती जपून. सुपरवायझरला व्हॉट्सॲप करणं चांगलं, पण ते सोबत असावं, त्यावरच थांबू नये, कारण तोच माणूस सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेलेला असतो.

गैरहजेरीची नोटीस आली तर सर्टिफिकेटच्या प्रती जोडून लेखी उत्तर द्या. तोंडी सांगून आलो म्हणणारे लोक लेबर कोर्टात हरतात, आणि फार वाईट वाटतं, कारण खरं त्यांचंच असतं. अनुचित कामगार प्रथेची (मालकाच्या बेकायदा वागणुकीची) तक्रार १९७१ च्या कायद्याखाली ९० दिवसांत करायची असते. "साहेब बघू म्हणालेत" करत ते ९० दिवस निघून जातात.

वारणाकाठ
आणि ते बारा दिवस सिक लीव्हचं?

मस्टरबुक_कुपवाड
खासगी कारखान्याला 'सिक लीव्ह' नावाची वेगळी रजा कायद्यानं बंधनकारक नाही. तुमच्या कंपनीत सात, दहा, बारा असेल तर ती करारातून किंवा नेमणूकपत्रातून आली आहे. तो कागद वाचा.

कायद्याची पगारी रजा म्हणजे दर २० दिवस कामाला एक दिवस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात त्याला वर्षात २४० दिवस काम लागत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा व आरोग्य संहितेत हा आकडा १८० आहे. ऑफिसच्या भिंतीवर अजून २४० चा तक्ता असेल तर विचारा. मोठ्या दुकानांना आणि ऑफिसांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी आहेत, पण ती सवलत कारखान्याच्या कामगाराला नाही.

बॉयलरपट्टी
साखर कारखान्यांचं इथं कुणी लिहिलं नाही, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो मोठा वर्ग आहे. साखर आणि गूळ हे हंगामी कारखाने धरले जातात आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नाही. त्यामुळं वरचं ७० टक्के, ८० टक्के यातलं काहीच तिथं चालत नाही. तिथली आजारपणाची रजा आणि वैद्यकीय खर्च राज्यातल्या साखर कामगारांच्या वेतन करारातून येतो, म्हणून युनियनकडं असलेली कराराची प्रत हाच तुमचा कायदा.

हंगामी कामगाराची दुसरी अडचण दिवसांची. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत संपतं. तेवढ्यात २४० भरत नव्हते, १८० सुद्धा अवघड. मेंटेनन्सला बोलावलं तर ते दिवस हजेरीपटावर तुमच्याच नावावर पडतायत का बघा, कंत्राटदाराच्या वहीत गेले तर मोजणीत येत नाहीत. बाळंतपणाचा कायदा मात्र हंगामी कारखान्यालाही लागू आहे. लॅबमध्ये आणि शेतकी ऑफिसात काम करणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

सिस्टर_मिरज
मग बाळंतपणाचं मी घेते, कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती त्यातच आहे.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पूर्ण पगारी. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्यासाठी १२ आठवडे, आधीचे ६. तारीख १५ मे दिली असेल तर लवकरात लवकर २० मार्चपासून रजा लावता येते आणि १८२ दिवस १७ सप्टेंबरला पुरे होतात. रविवारसुद्धा पगारी धरायचे. 'फक्त कामाचे दिवस' म्हणून सहा दिवसांचा आठवडा लावला तर तो हिशोब चूक आहे. १९७७ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं हे मिटवलंय.

पैसे कोण देणार? बाई ईएसआयमध्ये असेल तर ईएसआय, आणि अट आधीच्या दोन हप्ता-काळांत मिळून ७० दिवसांची. पगार २१,००० च्या वर असेल किंवा ईएसआय लागू नसेल तर मालक. तिथं आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम हवं. मालकानं बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे आणि उरलेले जन्माचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर वर ३,५०० रुपये.

गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी. हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. घरात सांगायची चोरी, ऑफिसात सांगायची चोरी, म्हणून चौथ्या दिवशी मशीनवर उभ्या राहतात. डॉक्टरच्या दाखल्यात निदान 'गर्भपात' असंच लिहून घ्या. 'अशक्तपणा' लिहिलं तर सहा आठवडे मिळणार नाहीत. तो कागद सुपरवायझरच्या हातात न देता बंद पाकिटात एचआरकडं देता येतो. बाळंतपणामुळं किंवा वेळेआधी जन्मामुळं आजार झाला तर आणखी एक महिना आहे.

कामावर परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा दूध पाजायला सुट्टी, ती जेवणाच्या सुट्टीत मिळवायची नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तिथं दिवसातून चार वेळा जायची मुभा.

कोर्टपायरी_सातारा
ताईंनी चांगलं मांडलंय. कंत्राटाचं जोडतो. रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या कामगार महिलांच्या प्रकरणात ते ठरवलंय. आणि ऑगस्ट २०२३ च्या कविता यादव निकालानुसार करार मधेच संपला तरी २६ आठवड्यांचे लाभ थांबत नाहीत. म्हणून "तुझं कंत्राट ३० जूनला संपतंय, पुढचं आम्हाला माहीत नाही" हे उत्तर चालत नाही.

रजेवर असताना काढलं तर ६० दिवसांत अपील. राजीनामा मागितला तर सही करू नका. "नंतर परत घेतो, आत्ता फक्त फॉर्मॅलिटी" म्हणून घेतलेला राजीनामा हा या सगळ्या प्रकरणांतला सगळ्यात अवघड कागद असतो, तो स्वतःच्या सहीचा असतो.

मोडीवाचक
सरकारी नोकरांसाठी थोडक्यात, कारण तिथं नियम छापील आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१: अर्जित रजा वर्षाला ३०, अर्धवेतनी २०, आणि वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी दुप्पट खर्ची टाकून पूर्ण पगाराची परिवर्तित रजा. प्रसूती रजा १८० दिवस. २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयानं बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पत्नी वारलेल्या किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते, पण अर्ज करणारे पुरुष फार कमी.

वारणाकाठ
शेवटचा प्रश्न, आणि खरं तर याच्यासाठीच धागा काढला होता. खासगी कारखान्यातला माणूस. वडिलांचं ऑपरेशन, महिनाभर सोबत राहायला हवं. काय आहे?

मस्टरबुक_कुपवाड
प्रामाणिकपणे सांगायचं तर कायद्यात त्याच्यासाठी वेगळी रजा नाही. बायकोच्या बाळंतपणाला खासगी नोकरीतल्या पुरुषाला रजा नाही, आई-बापाच्या दुखण्यालाही नाही. ईएसआय घरच्यांचा उपचार देतं (अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही, त्यांचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल तर), पण सोबत बसणाऱ्याचा रोज देत नाही. ही मोठी उणीव आहे आणि युनियननं पुढच्या कराराच्या मागणीपत्रात ती घातलीच पाहिजे. वर्षाला सात दिवस 'कुटुंब आजार रजा' मागणं अवाजवी नाही.

तोपर्यंत हातात पीएल आहेत. फॅक्टरी कायद्यात पीएलचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा नियम होता आणि बहुतेक कारखान्यांत तोच चालतो. स्वतःच्या आजारपणाला ती १५ दिवसांची अट नाही, पण वडिलांच्या आजारपणाला ती सूट लागू होत नाही, मंजुरी व्यवस्थापनाच्या हातात राहते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर तारीख मिळाल्या दिवशीच अर्ज द्या, डॉक्टरची चिठ्ठी जोडून.

तीस दिवस हवेत आणि पीएल अठरा आहेत, तर एकाच अर्जात दोन्ही मागा: "अमुक ते अमुक १८ दिवस पगारी, पुढचे १२ दिवस बिनपगारी, अमुक तारखेला पहिल्या पाळीला हजर होईन." तुकड्या-तुकड्यांनी मागितलं की दुसरा तुकडा नामंजूर होतो आणि माणूस दवाखान्यात अडकलेला असतो. मुदत वाढवायची झाली तर पहिली संपायच्या आधी लेखी कळवा. आणि स्वतःच्या नावाचं खोटं आजारपणाचं सर्टिफिकेट काढू नका. खूप जण काढतात, कारण दुसरा मार्गच दिसत नाही, पण वडिलांच्या केसपेपरवर नातेवाईक म्हणून तुमची सही असते आणि त्याच तारखांना तुम्ही स्वतः अंथरुणात असल्याचा दाखला कंपनीत असतो.

सिस्टर_मिरज
त्या चिठ्ठीत आम्हाला 'रुग्णासोबत एका नातेवाईकाची गरज, अंदाजे इतके दिवस' असं लिहून मागा. बहुतेक डॉक्टर देतात. लोक मागतच नाहीत.